ट्रेलर ओढायला जुनी गाडी: चेसिसवाली डिझेल की मोनोकॉक एसयूव्ही?

करुळघाट

घरात सहा माणसं आहेत. आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई-बाबा. एका एक्सलचा छोटा कॅम्पर ट्रेलर ठरवलाय. रिकामा ८५० किलो, पाणी, गॅस, अंथरुणं आणि भांडी भरल्यावर ११०० च्या घरात जाईल. तो ओढायला जुनी गाडी बघतोय, बजेट ९ लाखांपर्यंत. बाकीचे दिवस तीच घरची गाडी असणार.

माझं मत आधीच सांगतो. लॅडर फ्रेम (बॉडीखाली वेगळी लोखंडी चेसिस), मागची चाकं ओढणारी, डिझेल, मॅन्युअल गिअर. म्हणजे सफारी स्टॉर्म नाहीतर स्कॉर्पिओ. मित्रमंडळी म्हणतात, त्याच पैशात एक्सयूव्ही ५०० घे, १४० पीएस (इंजिनची ताकद) आहे, चालवायला कारसारखी. पण ती मोनोकॉक, म्हणजे वेगळी चेसिस नसलेली, आणि पुढची चाकं ओढणारी. आणि कोल्हापुरातून समुद्राकडे जायचं तर करुळ, फोंडा, आंबा नाहीतर आंबोली उतरावाच लागतो, आणि येताना चढावाही लागतो. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा नाकावर, म्हणजे गाडीमागे ट्रेलर अडकवायच्या जोडाच्या, हिचच्या बॉलवर बसतो. इथे ११० किलो. हे वजन मागच्या एक्सलच्याही मागे असतं, त्यामुळे मागचा भाग दबतो आणि पुढची चाकं हलकी होतात. पुढची चाकं ओढणारी गाडी नेमकी तिथेच पकड गमावणार. पावसाळ्यात, ओल्या वळणावर, चढाला गाडी थांबवून परत उचलायची वेळ आली तर काय होईल, याचा विचार करा.

नाकावरचं वजन कमी करून हा प्रश्न सुटत नाही. नाक हलकं ठेवलं की ट्रेलर मागे शेपटी हलवायला लागतो, आणि वेगात ते डोलणं वाढत गेलं तर गाडीलाही घेऊन जातं.

स्टॉर्मचं २०१५ च्या अखेरीस आलेलं ४०० न्यूटन मीटर टॉर्कचं (इंजिनच्या ओढीचं माप) मॉडेल मला सगळ्यात पटतंय. गाडी स्वतःच दोन टनांच्या आसपास, म्हणजे ट्रेलर तिच्या वजनाच्या निम्म्याच्या थोडा वर. ज्यांना वेगळं वाटतं त्यांनी कारणासकट सांगा.

इचलकरंजी_ते_म्युनिक

दादा, कारणासकट सांगतो. इकडे जर्मनीत कॅराव्हॅन ओढणाऱ्या गाड्यांत पुढची चाकं ओढणाऱ्या मोनोकॉक स्टेशन वॅगन भरपूर आहेत. लोक त्यांनी आल्प्स ओलांडतात. लॅडर फ्रेम नसली की ट्रेलर ओढता येत नाही, हा समज सोडून द्या.

फरक कशाने पडतो ते सांगतो. इथे गाडीच्या कागदावरच लिहिलेलं असतं, ब्रेक असलेला ट्रेलर किती किलोपर्यंत, बिनब्रेकचा किती, आणि बॉलवर उभं वजन किती चालेल. नाकावर दहा टक्के हे अमेरिकी गणित. युरोपात त्याहून कमी ठेवतात, बऱ्याच कारना बॉलवर ७५ ते १०० किलोचीच मुभा असते. त्या जोडीला वेग बांधलेला, ताशी ८० किलोमीटर, आणि खास मंजुरी असेल तरच १००. नवख्यांना दिला जाणारा सल्ला म्हणजे ट्रेलर गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांत ठेवा. ७५० किलोच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच.

म्हणून तुम्ही प्रश्नच उलट्या टोकाने धरलाय. आधी ट्रेलरचे ब्रेक, मग वेगाची शिस्त, मग गाडी. तुमच्या ट्रेलरला ब्रेक कुठले आहेत, हे एवढ्या पोस्टमध्ये तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. आणि ज्या एक्सयूव्हीला तुम्ही बाद केलंत तिला चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत.

राजारामपुरीची_आई

टॉर्क आणि ब्रेकवर सगळे बोलतायत, मी सीटवर बोलते. सहा माणसं म्हणालात ना? स्टॉर्मची तिसरी रांग उघडून बघितलीत का? आडव्या उडत्या सीट आहेत, समोरासमोर तोंड करून बसायच्या. म्हणजे सहावा माणूस, आणि तो बहुतेक तुमचा धाकटाच असणार, करुळच्या वळणांवर आडवा बसणार, आणि त्याच्या पाठीमागे अकराशे किलो. मला हे चालणार नाही, आणि तुमच्या बायकोलाही चालू नये.

इनोव्हा क्रिस्टा तुमच्या बजेटात बसणं कठीण. पण तिच्या आधीची २.५ लिटरची इनोव्हा बसते. तीही लॅडर फ्रेमच आहे, तिचीही मागचीच चाकं ओढतात, म्हणजे तुमच्या दोन्ही अटी पुऱ्या. तिसऱ्या रांगेत आजी-आजोबा सरळ तोंड करून पट्टा लावून बसू शकतात. चढायला-उतरायलाही बुटकी. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि स्कॉर्पिओत चढताना त्यांना दरवेळी कुणाचा तरी हात लागतो. वर्षात ट्रेलर किती दिवस ओढणार? बाकीचे दिवस याच गाडीतून महाद्वाररोडला, दवाखान्यात, लग्नांना जायचंय.

करुळघाट

ताई, सीटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. स्टॉर्म यादीतून काढली. पण २.५ इनोव्हा १०२ पीएसची, टॉर्क २०० न्यूटन मीटर. सहा माणसं, सामान आणि ११०० किलो घेऊन ती करुळ चढेल, पण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडत. मागे एसटी आणि ट्रकची रांग लागली की मागचे अधीर होऊन वळणावर ओव्हरटेक करतात, आणि तो धोका मला जास्त वाटतो. त्यापेक्षा तिसरी रांग समोर तोंड असलेली, १४० पीएसची स्कॉर्पिओ बघतो. २०१७ च्या शेवटी आलेलं इंजिन, ३२० न्यूटन मीटर.

म्युनिककर, ब्रेकचं विचारलंत ते बरोबर. ट्रेलरवाला ओव्हररन ब्रेक देतोय. पण तुमच्या तिकडच्या कागदावरचा आकडा इथे कुठून आणू? इथल्या एक्सयूव्हीला हिच कुठे आणि किती भाराचा बसवायचा, ते माझ्या हातात लिहून कोणी देत नाही. लॅडर फ्रेमला निदान दोन लांब लोखंडी दांडे आहेत, बोल्ट कुठे बसणार ते डोळ्यांना दिसतं.

राजारामपुरीची_आई

रडत चढली तर चढू दे. हळू चढण्यात धोका नाही, जागा मिळेल तिथे बाजूला घेऊन रांग सोडून द्यायची. टॉर्क जास्त म्हणून गाडी सुरक्षित, हे मला पटत नाही. आणि मुलांना जिथे बसवणार त्या प्रत्येक सीटला तीन बिंदूंचा पट्टा आहे का, ते व्हेरियंट घेण्याआधी स्वतः बसून बघा, ब्रोशरवर जाऊ नका.

कागलकर

अवो, आमच्याकडं ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस वढत्यात. हजार किलोच्या ट्रेलरचं काय एवढं घेऊन बसलाय? बोलेरोला लावा आन् सुटा.

उद्यमनगर_फिटर

कागलकर, ट्रॅक्टर ताशी वीसनं चालतोय, आणि तरीपण हंगामात ट्रॉल्या उलटलेल्या दरवर्षी बघतोय आपण. ह्यांना महामार्गावर साठनं पोरंबाळं घेऊन जायचंय. ती तुलना नको.

मी हिच बसवतो, म्हणून कामाचं तेवढं सांगतो. करुळघाट साहेब, चेसिसचे दांडे दिसतात हे खरं, पण दिसतात म्हणून कुठंही वेल्डिंग मारून घेऊ नका. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, मागच्या बंपरलाच एक प्लेट जोडून द्या. बंपर म्हणजे पत्रा, तो घाटात सुटणार. हिचची फ्रेम दोन्ही दांड्यांना बोल्टनं बसली पाहिजे, ८.८ ग्रेडच्या खालचा बोल्ट नको, १०.९ मिळाला तर चांगलंच. चेसिसवर वेल्ड मारला की त्या कडेचं लोखंड कडक होतं, आणि काही वर्षांनी चीर तिथूनच धरते.

बॉल ५० मिलीमीटरचा. उंची अशी धरायची की भरलेला ट्रेलर जोडल्यावर जमिनीला समांतर उभा राहिला पाहिजे. स्कॉर्पिओ उंच गाडी, म्हणून खाली उतरलेला बॉलमाऊंट करावा लागतो. नाही केला तर ट्रेलरचं नाक वर राहतं आणि वजन मागं जातं.

आता ओव्हररन ब्रेक. त्यात ट्रेलर गाडीला मागनं ढकलतो, जोडाचा दांडा आत दबतो आणि केबल ओढून ड्रम लावतो. उतारावर ते आपोआप होतं, चांगलं आहे. पण रिव्हर्स घेताना पण दांडा तसाच दबतो. रिव्हर्सला आपोआप सुटणारा ऑटो रिव्हर्स ड्रम नसेल तर ब्रेक लागतो आणि ट्रेलर हलत नाही. करुळच्या अरुंद वळणावर समोरनं एसटी आली, मागं घ्यायची वेळ आली, तर तिथंच अडकणार. ट्रेलर घेताना फॅक्टरीच्या फाटकातच चढावर रिव्हर्स घेऊन बघा, पैसे त्याच्यानंतर.

शिरोली_पूल

कुठलीही गाडी घ्या, पण कोल्हापूर-सांगलीची जुनी गाडी घेताय तर पाण्यात गेलेली नाही ना, हे आधी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळी महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला होता. त्या दोन वर्षांत बेसमेंटात आणि गॅरेजांत किती गाड्या बुडाल्या, ते आपण सगळ्यांनी बघितलं. त्यातल्या कित्येक धुऊन-पुसून बाजारात आल्या.

बघायची रीत सांगतो. ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा पट्टा स्वच्छ धुतलेला असतो, पण रिळात गुंडाळलेल्या शेवटच्या वीतभर भागावर पिवळट गाळाची आडवी रेघ राहते, ती कोणी पुसायला जात नाही. मग मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या गोळ्याचं, तेल थोडं काढायला लावा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. ट्रेलर ओढणार असाल तर त्या डिफरन्शियलवरच सगळा ताण येणार.

गाडी एमएच ०७ किंवा ०८ असेल तर पुरापेक्षा गंजाची भीती. किनाऱ्यावर राहिलेल्या गाडीची चेसिस मागच्या टोकाला, स्टेपनीच्या आजूबाजूला, आधी खाल्ली जाते. हिच तिथेच बसतो. लिफ्टवर चढवून हातोडीने ठोकून बघा, वरून काळा रंग मारलेला असला तरी पोकळ आवाज लपत नाही.

आणि कागदं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ६१ प्रमाणे ट्रेलरची नोंदणी वेगळी करावी लागते, गाडीच्या आरसीवर तो चालत नाही. टाइप अप्रूव्हलचे (मॉडेलच्या सरकारमान्य मंजुरीचे) कागद नसलेला, कुणाच्या शेडमध्ये बनवलेला ट्रेलर घेऊ नका. विमा कंपनीला हिच आणि ट्रेलर दोन्ही लेखी कळवा.

पन्हाळ्याचा_वारा

मला हा सगळा खटाटोपच चुकीचा वाटतो. आपल्याकडे रस्ते, वळणं, पार्किंग यातलं काहीच ट्रेलर धरून बनलेलं नाही. पन्हाळ्यावर रविवारी साधी कार लावायला जागा मिळत नाही, तिथे बारा मीटरची जोडी कुठे वळवणार? त्यापेक्षा जुनी टेम्पो ट्रॅव्हलर भाड्याने घ्या आणि रात्री मुक्कामाला होम-स्टे बघा. सहा माणसांचा खर्चही कमीच येईल.

करुळघाट

पन्हाळ्यावर ट्रेलर नेणारच नाही. आम्हाला मालवण-देवगडकडे ओळखीच्या वाडीत, आणि दाजीपूरच्या अलीकडे एका नातेवाइकांच्या शेतात मुक्काम करायचाय. आईला बाहेरचं स्वच्छतागृह चालत नाही, तिच्यासाठी हा ट्रेलर आहे. होम-स्टेमध्ये दर मुक्कामाला तोच प्रश्न परत येतो. त्यामुळे ट्रेलर नक्की, त्यावर वाद नको.

आता वजनाचा हिशोब मांडतो, तपासा. आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं कमाल वजन, दोन्ही असतात. त्यांचा फरक म्हणजे गाडी किती झेलेल. समजा तो ६०० किलो निघाला. सहा माणसांचे ४००, गाडीतलं सामान ६०, नाकावरचे ११०. झाले ५७०. म्हणजे जेमतेम बसतंय, कॅरिअरवर पिशवीसुद्धा नको. तिसरी रांग उघडी असल्याने बाकीचं सामान ट्रेलरमध्ये जाणार, ते एक्सलच्या बरोबर वर ठेवायचं. पाण्याची टाकी ८० लिटरची आहे, म्हणजे ८० किलो. ती घाट उतरून मुक्कामाजवळ गेल्यावरच भरायची.

गाडी आणि ट्रेलर जोडून, सगळी घरची मंडळी बसवून शिरोली एमआयडीसीतल्या वजनकाट्यावर नेणार. आधी फक्त गाडीची चाकं काट्यावर, मग अख्खी जोडी. स्कॉर्पिओवर मी ठाम आहे, कारण हा सगळा भार मागच्या चाकांवर येतोय आणि ओढणारीही तीच चाकं आहेत.

इचलकरंजी_ते_म्युनिक

हिशोब बरोबर मांडलाय, एक सोडून. मागच्या एक्सलवर ११० नाही, त्याहून जास्त येणार. बॉल एक्सलच्या मागे आहे, पुढून जेवढं उचललं जातं तेवढं मागे वाढतं. काट्यावर मागचा एक्सल वेगळा मोजा आणि टायरच्या बाजूवर लिहिलेल्या लोड इंडेक्सशी (टायर किती भार झेलेल त्याचा सांकेतिक आकडा) ताडून बघा. जुन्या गाडीला मालकाने स्वस्तातले टायर घातलेले असतात, तिथेच कमी पडतं.

गाडीवर माझा विरोध कायम आहे. मागच्या चाकांची ओढ चढाला उपयोगी, पण करुळ उतरताना ती काय कामाची? स्कॉर्पिओला मागे ड्रम, वर उंच अंग. गाडीच्या किमतीत लाखभर वाचत असतील तर ते ट्रेलरला विजेवर चालणारे ब्रेक आणि केबिनमध्ये कंट्रोलर बसवण्यात घाला. ट्रेलर डोलायला लागला तर फक्त त्याचेच ब्रेक हाताने लावून जोडी सरळ करता येते, ओव्हररनमध्ये ते जमत नाही. ट्रेलरवाल्याला हे आजच विचारा, एक्सल बसवून झाल्यावर बदलायला दुप्पट पैसे मागतील.