कव्हर नसलेलं रोबोटचं कॉमिक सापडलं, कोणी ओळखेल का?

बर्डीचा_पोट्टा:
नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागातलं आमचं जुनं घर रिकामं करून राहिलो सध्या, तर माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजीच्या लुगड्यांखाली एक इंग्रजी कॉमिक सापडलं. कव्हर नाही, मागची तीनचार पानं नाहीत. मामा रेल्वेत होते, अजनीला क्वार्टर होतं त्यांचं, मुंबईला गेले की फाउंटनच्या फुटपाथवरून जुन्या पुस्तकांचा गठ्ठा उचलून आणायचे, त्यातलंच हे. साल ८५-८६ असेल, मी तिसरीत. तीन अवाढव्य रोबोट आहेत, आत माणसं बसून चालवतात. एकाचं डोकं इजिप्तच्या राजासारखं, तो बाण मारतो आणि पक्षी बनतो. दुसरा पाच तुकड्यांत सुटा होतो. तिसऱ्यावर चहा सांडलेला आहे. चालवणाऱ्यांत एक जपानी बाई.

इंग्रजी मला तेव्हा ओ की ठो कळायचं नाही. दादा सहावीत, तो वाचून दाखवायचा, म्हणजे मनाचंच ठोकून द्यायचा हे आता वाचल्यावर कळलं, कारण त्याच्या स्टोरीत राक्षसाला संत्र्याची ॲलर्जी होती. गोष्ट मधूनच सुरू होते म्हणून आम्ही समजायचो पुढची पानंपण गेली. शेवट तर नव्हताच, मग आम्हीच केला, चार रेघी वहीच्या पानावर निळ्या बॉलपेननी काढून मागे टाचणीनं लावला. टाचणी गंजली, पान आहे अजून. त्यात तिन्ही रोबोट जिंकतात आणि अंबाझरीत आंघोळीला उतरतात, तलावाचं पाणी गुडघ्याला.

तर नाव काय याचं, आणि खरा शेवट काय होता? आणि झेरॉक्सवाला म्हणतो लॅमिनेशन करून टाका, करू का?

रद्दीराजा:
अबे लॅमिनेशन नको करू!!! आधी हे सांगतो मग बाकीचं.
हे शोगुन वॉरियर्स आहे, अमेरिकेच्या मार्व्हल कॉमिक कंपनीचं. धनुष्यवाला रायदीन, पाच तुकड्यांवाला कॉम्बात्रा, आणि चहावाला डॅनगार्ड एस. लेखक डग मेंच, चित्रं हर्ब ट्रिम्पची. १९७९-८० मध्ये २० अंक निघाले आणि संपलं. मूळ तिघंही जपानी टीव्ही कार्टूनमधले, वेगवेगळ्या सिरियलमधले, एकमेकांशी काही घेणंदेणं नाही. मॅटेल कंपनीनं जपानची खेळणी अमेरिकेत विकायला आणली, त्यात दोन दोन फूट उंचीचे प्लास्टिकचे रोबोट होते, त्यांचे मिसाईल सुटायचे. त्याच नावानं मार्व्हलला कॉमिक काढायला दिलं. मार्व्हलनं जपानी स्टोरी बाजूला ठेवून स्वतःची रचली आणि पायलट नवीन आणले, एक अमेरिकन स्टंटमन, एक जपानी टेस्ट पायलट (तीच तुझी बाई) आणि मादागास्करचा एक समुद्रशास्त्रज्ञ.
अंक कोणता ते पाहायचं असेल तं गोष्टीच्या पहिल्या पानाच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांची पट्टी असते, तिच्यात अंक आणि महिना लिहिलेला असतो. भिंग घे.

बर्डीचा_पोट्टा:
अरे बाप्पा. आहे पट्टी. अंक २, मार्च १९७९, किंमत ३५ सेंट. म्हणजे पुढचं काही गेलंच नव्हतं, गोष्टच दुसऱ्या अंकातून सुरू होती! चाळीस वर्षं आम्ही त्या मामाला नावं ठेवली की पानं फाडून आणली म्हणून.
भिंग हातात होतं तर चित्रंपण पाहिली. रायदीनच्या तोंडावर सगळे ठिपके ठिपके, लाल वेगळे निळे वेगळे, आणि एका जागी लाल रंग रेघेच्या बाहेर सरकलेला आहे. लहानपणी मला वाटायचं त्याला लागलंय.

कागदाची_कसर:
लॅमिनेशन का नको ते सांगतो. एकदा गरम करून चिकटवलं की परत काढता येत नाही, कागद आत तसाच पिवळा होत राहतो. हा वर्तमानपत्राच्या जातीचा स्वस्त कागद, त्यात लाकडाचं लिग्निन तसंच राहिलेलं असतं, उजेड आणि हवा लागली की पिवळा पडतो आणि मग कडक होऊन तुटतो. सेलोटेपपण लावू नका, त्याचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन आरपार जातो.
ती टाचणी हलक्या हातानं काढा. मधल्या पिनांना गंज असेल तर असू द्या, ओढू नका. पॉलीप्रॉपिलिनची पिशवी आणि पाठीमागे ॲसिड-फ्री पुठ्ठा, बस. पीव्हीसीची मऊ वासवाली पिशवी नको. आणि आपल्याकडे मे महिन्यात सगळ्यात मोठा दुश्मन ऊन नाही, कूलर आहे. बाहेर ४५ डिग्री आणि खोलीत वाळ्याच्या ताट्यांतून ओली हवा, पुस्तकाची कपाटं दरवर्षी फुगतात मग कोरडी होतात. कूलरच्या खोलीत ठेवू नका, पत्र्याच्या पेटीत बरं होतं ते. कसर लागली नाही हे नशीबच म्हणा.

सायबरट्रॉन_अजनी:
शोगुन ठीक आहे पण खेळण्यावरचं खरं कॉमिक म्हणजे ट्रान्सफॉर्मर्स, बाकी सगळी जाहिरात. १९८४ ला चारच अंकांची म्हणून सुरू केली आणि १९९१ पर्यंत ८० अंक चालली, शेवटच्या अंकाच्या कव्हरवर त्यांनी स्वतःच लिहिलं की चार अंकी मालिकेतला अंक ८०, हसून हसून मेलो होतो. त्यातही खेळणी जपानचीच, टाकाराची, पण नावं आणि स्वभाव मार्व्हलच्या ऑफिसात ठरले. बॉब बुडियान्स्कीनं बहुतेक नावं ठेवली, आणि मेगाट्रॉन नाव ती खेळणी अमेरिकेत विकणाऱ्या हॅस्ब्रो कंपनीला आधी पसंत नव्हतं म्हणे, लय भीतीदायक वाटलं त्यांना. व्हिलनच आहे ना भाऊ तो, त्याचं नाव काय गुलाबराव ठेवता?

रद्दीराजा:
@सायबरट्रॉन जाहिरात कशी बे? मार्व्हलचंच रॉम घे. पार्कर ब्रदर्सचं खेळणं, दोन लाल लाइट आणि थोडा बीप बीप आवाज, बाजारात आपटलं. पण बिल मँट्लोनं त्याच्यावर ७५ अंक लिहिले, १९८६ पर्यंत, चित्रं आधी सॅल बुसेमाची आणि शेवटी स्टीव्ह डिटकोची. खेळणं मेलं आणि कॉमिक जगलं. मग हक्काचा घोळ, पात्र खेळण्याच्या कंपनीचं आणि गोष्ट मार्व्हलची, त्यामुळे किती वर्षं पुन्हा छापताच आलं नाही, २०२४ ला जाऊन जाडजूड पुस्तक निघालं.

तुझ्या रोबोटांचंपण तेच झालं, पोट्ट्या. खरा शेवट सांगू का? वाचून बरं नाही वाटणार.

बर्डीचा_पोट्टा:
सांग. तीन रात्री झाल्या हे डोक्यात आहे.

रद्दीराजा:
२० अंकांत धड शेवट झालाच नाही. नंतर १९८१ च्या सुरवातीला मार्व्हलच्याच फॅन्टॅस्टिक फोर कॉमिकच्या २२६ व्या अंकात ते पायलट येतात आणि सांगतात की तिन्ही रोबोट फोडून टाकले. आपल्याला धड दाखवतपण नाहीत, रोबोटांचे हक्कच मार्व्हलकडे उरले नव्हते. लिहिणारा पुन्हा मेंचच होता.

कागदाची_कसर:
विकायचा विचार असेल तर आधीच सांगतो, कव्हर नाही आणि पानं कमी म्हणजे भाव जवळपास शून्य. ठेवून घ्या.

बर्डीचा_पोट्टा:
विकत नाही. दादाला पुण्याला फोन केला रात्री, सगळं सांगितलं. तो थोडा वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला अंबाझरीच्या चित्रात डावीकडचा रोबोट मी काढला होता, तू नाही. आता ते पान मागून राहिला, कॉमिक नको म्हणे. मी म्हटलं फोटो पाठवतो, ओरिजिनल देत नाही. डावीकडचा मीच काढला आहे, त्याच्या पायाशी माझ्या नावाचं पहिलं अक्षर आहे.

सायबरट्रॉन_अजनी:
भाऊ पानाचा फोटो इथंपण टाक, आम्ही ठरवतो कोणी काढला ते.