उबुंटू जागच्या जागी अपग्रेड करणारे सगळे अडाणी का?

रात्रपाळी: काल इथे एकाने ठोकून दिलं की चालू सर्व्हर अपग्रेड करणं हा निव्वळ अडाणीपणा, नवीन मशीन उभं करा, डेटा हलवा, जुनं बंद करा. अहो ज्याच्याकडे एकच भाड्याचा सर्व्हर आहे त्याने दुसऱ्याचे पैसे कुठून आणायचे? मे २०२३ ला उबुंटू (सर्व्हरवरची लिनक्स सिस्टिम) १८.०४ या आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट संपला तेव्हा मी आधी २०.०४ केलं, आठवडाभर थांबलो, मग २२.०४, कारण मधली एलटीएस, म्हणजे दीर्घ सपोर्टवाली आवृत्ती, गाळता येतच नाही. कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणाऱ्या टीमक्समध्ये चालवलं, नेहमीचा एसएसएच (दुरून सर्व्हरवर लॉगिन) बंद पडला तर आत शिरता यावं म्हणून अपग्रेडचा जादा एसएसएच ज्यावर चालतो ते १०२२ पोर्ट फायरवॉलमधून आधीच उघडलं. काहीही मोडलं नाही.

जुनाट_टर्मिनल: ते लिहिणारा मीच आणि अजूनही तेच म्हणतो. मोडलं नाही हे कशावरून? पोस्टग्रेस डेटाबेसचे इंडेक्स (शोधासाठीच्या क्रमवार याद्या) बघितलेस? जीलिबसी या सिस्टिम लायब्ररीत २.२८ ला अक्षरांचा क्रम बदलला, म्हणून जुन्या क्रमाने लावलेले इंडेक्स चुकतात, १८.०४ वर २.२७ होती, २०.०४ वर २.३१ आली. एरर काही येत नाही. आमच्याकडे ईमेलवर युनिक इंडेक्स (एक ईमेल दोनदा येऊ न देणारा) असूनही तीन आठवड्यांनी एकाच ग्राहकाची दोन खाती निघाली, बिलं दोन्हीकडे विभागलेली, ती जुळवताना रडकुंडीला आलो.

कमांड_ताई: तुमचं चालू द्या, पण बॅकअपवर कुणीच बोलत नाहीये. आमचा रोज रात्री २ वाजता व्हायचा, फाइलपण रोज तयार. अपग्रेड फसलं त्या रात्री उघडून बघितलं तर प्रत्येक फाइल २० बाइटची! डेटाबेसचा पासवर्ड बदलल्यापासून डंप (सगळा डेटा फाइलमध्ये उतरवणं) फेल होत होता आणि फाइल दाबून लहान करणारं जीझिप रिकामी फाइल नेमाने बांधून ठेवत होतं. पाच महिने.

रात्रपाळी: म्हणून मी स्नॅपशॉट, म्हणजे अख्ख्या सर्व्हरची त्या क्षणाची प्रत, घेतो.

कमांड_ताई: रिस्टोअर करून बघितलास कधी? एकदा तरी? नसेल तर बॅकअप आहे असं म्हणूच नकोस, मी पाच महिने तेच म्हणत होते.

रात्रपाळी: नाही बघितलं. पण जुनाट, तुम्ही तर नवीन मशीनवाले ना, मग तुमचे इंडेक्स कसे बिघडले?

जुनाट_टर्मिनल: डेटाबेस मोठा, डंपला वेळ नव्हता. २०.०४ च्या नव्या मशीनवर रेप्लिका (डेटाबेसच्या फाइलींची जशीच्या तशी चालती प्रत) लावून तीच मुख्य केली.

रात्रपाळी: म्हणजे नव्या मशीनवरच बिघडले! डंप करून भरला असता तर इंडेक्स नव्याने बांधले गेले असते, आणि जागेवर अपग्रेड करून रीइंडेक्स (इंडेक्स पुन्हा बांधणं) मारला असता तरी भागलं असतं. आणि अडाणी आम्ही?

जुनाट_टर्मिनल: अडाणी शब्द मागे घेतो. बाकीचं नाही. माझं जुनं मशीन निदान चालू होतं, बघायला, ताडून बघायला. तुझ्याकडे काय होतं? तू आधी अ‍ॅमचेक (इंडेक्स तपासणारं पोस्टग्रेसचं साधन) चालव, मग बोलू.

रात्रपाळी: चालवलं. दोन इंडेक्स बिघडलेत, दोन्ही नावांच्या कॉलमवरचे. आज रात्री डुप्लिकेट काढून रीइंडेक्स लावतो, त्याआधी ताई म्हणतात तसा डंप लॅपटॉपवर रिस्टोअर करून बघतो. पण दुसरा सर्व्हर मी घेणार नाही.