ब्रेडबोर्ड आधी की एलटीस्पाइस आधी?

फ्यूजवायर:
डिप्लोमाच्या पोरांना पहिल्याच सेमला एलटीस्पाइस (कॉम्प्युटरवर सर्किट चालवून बघायचं सॉफ्टवेअर) उघडून द्यायचं जे खूळ आलंय ते मला अजिबात पटत नाही. साधं बघा, ९ व्होल्टची बॅटरी, १ मेगओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमधे, मधल्या पॉइंटला किती? पोरगं स्क्रीन बघून सांगतं ४.५, पण ब्रेडबोर्डवर (भोकांच्या पाटीवर) खरे पार्ट खोचून मल्टीमीटर लावला की ४.२९ च्या आसपास येतात आणि मग सर मीटर खराब आहे!! अरे मीटर बरा आहे, त्याचा स्वतःचा १० मेगओहमचा इनपुट रेझिस्टन्स खालच्या रेझिस्टरला पॅरलल बसलाय. त्यात एलटीस्पाइसमधे १ पुढे नुसतं एम लिहिलं की ते मेग नाही, मिली धरतं. दोन्ही मिली झाले म्हणून मधले ४.५ तसेच, करंट मात्र ४५०० ॲम्पियर, रिमोटमधे बसेल एवढ्या बॅटरीतून. सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही.

नोडझीरो:
मीटरचा मुद्दा तुमच्याच विरोधात जातो राव. खालच्या रेझिस्टरला १० मेग जोडा, सिम्युलेशनमधे पण ४.२९ येतात. आणि मीटर नसताना तिथे किती होते हे मीटर लावून कसं बघणार?

तापकीरगल्ली:
फ्यूजवायर +१. दोन बीसी५४७ ट्रान्झिस्टरचं मल्टिव्हायब्रेटर काढून बघा, तेच एलईडी आळीपाळीने लुकलुकणारं. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या काढल्या की स्क्रीनवर दोन्ही ट्रान्झिस्टर ऑन होऊन ढिम्म बसतात, सुरुवातीची व्होल्टेज हाताने देऊन ढकलावं लागतं. ब्रेडबोर्डवर आपोआप चालू होतं, कारण खरे दोन बीसी५४७ जुळे नसतातच, डेटाशीटमधेच गेन (करंट किती पट वाढवतो ते) ११० ते ८०० दिलाय.

नोडझीरो:
मग एका रेझिस्टरची किंमत थोडी बदला ना, कोण अडवतंय. सॉफ्टवेअरने तुम्ही दिलं तेच सोडवलं. एलटीस्पाइसचं मूळ जे स्पाइस, ते १९७३ च्या सुमारास बर्कलीत आलं तेच आयसीसाठी, चिपच्या आत प्रोब खुपसता येत नाही म्हणून.

सेकंडइयर_ईटीसी:
आमच्याकडे चौघांत एक किट आणि डीएसओचा (डिजिटल ऑसिलोस्कोपचा) नंबर लागेपर्यंत प्रॅक्टिकल संपतं, वर सर ओरडतात आवरा आवरा. घरी मी ईसिम वापरते, असलंच सॉफ्टवेअर, आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रोजेक्टवाल्यांचं, आतून स्पाइसचाच भाऊ एनजीस्पाइस, फुकट. ब्रिज रेक्टिफायरला कपॅसिटर १०० मायक्रोचा १००० केला की रिपल (डीसीवर उरलेली लहर) कसा खाली येतो आणि डायोडमधून करंटचे काटे कसे उंच होतात ते एका मिनिटात दिसलं. लॅबमधे करंट दाखवायला कुणाकडे वेळ आहे?

फ्यूजवायर:
हे मात्र खरंय, डायोडचा करंट आम्हाला पण कुणी दाखवला नव्हता. तरी माझी अट राहणारच, आधी कागदावर हाताने आकडा काढायचा, मगच रन दाबायचं. तो ४५०० ॲम्पियरवाला तिथेच सापडतो.

नोडझीरो:
कागदाला हरकत नाही. ब्रेडबोर्ड पहिला यालाच आहे.

सेकंडइयर_ईटीसी:
सर पण जर्नलमधे कुठलं लिहायचं, ४.५ की ४.२९?

फ्यूजवायर:
४.२९. आणि बाजूला मीटरचा इनपुट रेझिस्टन्स लिही, एक्स्टर्नल एक्झामिनर विचारणार.