ससा फार आजारी होता तेव्हा निरोपाची वेळ कशी ठरवलीत?

"ससाच होता ना, दुसरा आणा" हे ऐकून गप्प बसलेली बरीच माणसं असतील. त्यांच्यासाठी हा धागा. इंजेक्शन देऊन जाऊ दिलं असेल तर लिहा, नसेल दिलं तरी लिहा. फक्त "अजून प्रयत्न करायला हवे होते" असं कुणीही कुणाला म्हणू नये, ही विनंती.

सुरुवात मी करते. आमच्या भुरीच्या दाढांची मुळं वाढून जबड्यात गळू झालं. सशाचा पू खव्यासारखा घट्ट असतो, तो नुसता चिरा देऊन वाहून जात नाही. ऑपरेशन झालं, पण गळू पुन्हा भरलं. भुरी कोथिंबिरीची काडी उचलायची, ओठांत धरून थांबायची आणि खाली टाकायची. मग तीच काडी परत उचलायची. भूक होती, चावता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "तिच्या आवडीच्या गोष्टी कागदावर लिहा आणि त्यातल्या कुठल्या ती अजून आपणहून करते ते बघा." गवत खाणं, पायांभोवती गोल पळणं, अंग टाकून आडवं होणं, गॅलरीतलं ऊन. त्यातलं फक्त ऊन उरलं होतं. आम्ही ठरवलं. आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं, ती पूर्ण बेशुद्ध झाल्यावर शेवटचं.

ससा म्हणजे शिकार होणारा प्राणी, दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. "वेळ आली की तोच सांगेल" असं कुत्रा पाळणारे म्हणतात, पण सशाच्या बाबतीत त्यावर विसंबू नये असं माझं ठाम मत आहे.

नागपूरहून

ताई, मी उलटा अनुभव लिहिते. केस झडायच्या दिवसांत आमच्या सशाने खाणं सोडलं. लेंड्या बंद, कान गार. एका दवाखान्यात सांगितलं, आता काही होणार नाही, झोपवून टाका. दुसऱ्या डॉक्टरांनी ऊब दिली, सलाईन आणि वेदनाशामक दिलं, आतडं तुंबलेलं नाही याची खात्री केली आणि सिरिंजने भरवायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी बारीक, वेड्यावाकड्या लेंड्या दिसल्या तेव्हा मी रडले. तो आजही आहे. पोट अचानक थांबणं वेगळं आणि महिनोन् महिने खंगत जाणं वेगळं. बारा तास ससा काही खात नसेल तर घरी वाट बघत बसू नका.

ठाण्याहून

मान वाकडी झाली म्हणजे सगळं संपलं असं नाही. एन्सेफॅलिटोझून नावाच्या परजीवीने तसं होऊ शकतं. आमच्या सशीला २८ दिवस फेनबेंडाझोल हे जंतनाशक द्यायला सांगितलं होतं. मान तिरकीच राहिली, तरी ती खायची, भांडायची, मजेत असायची. पुढे मागचे पाय गेले, लघवीने कातडी सोलवटली, कुशीवर वळवलं तरी घाबरून लोळायला लागली. तेव्हा थांबलो.

कोल्हापूरहून

आमच्या घरात जीव घेणं बसत नाही, त्यामुळे इंजेक्शन दिलं नाही. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत वेदनाशामक दिलं आणि तिने तोंड फिरवल्यावर सिरिंज बाजूला ठेवली. पण खरं तेच सांगते, घरचं मरण शांतच असतं असं नाही. ससा खुशीत दात हलकेच वाजवतो, ते आम्हाला माहीत होतं. त्या रात्रीचं दात खाणं कर्कश होतं. हा मार्ग निवडणार असाल तर रात्री फोन उचलणारा डॉक्टर हाताशी हवाच.

लेस्टरहून

आमची जोडी होती. मादीला इंजेक्शन दिल्यावर तिचं शरीर नराजवळ ठेवलं. त्याने हुंगलं, कान चाटला, बराच वेळ शेजारी बसला. जोडी असेल तर एवढं नक्की करा.

पुन्हा मी

दोघांनी व्यक्तिगत विचारलंय म्हणून इथेच लिहिते. आधी गुंगी देणार का, आपल्याला मांडीवर घेऊन बसता येईल का आणि डॉक्टर घरी येतील का, हे तीन प्रश्न आदल्या दिवशीच विचारून ठेवा. गुंगीशिवाय थेट इंजेक्शन द्यायला कुणी निघालं तर नाही म्हणा. आणि तुमच्या गावात सशांवर नेहमी उपचार करणारे डॉक्टर कुणी असतील तर खाली जरूर कळवा. बऱ्याच गावांत लोकांची पहिली अडचण तीच असते.