मनापासून ठरवलं तरच दारू सुटते?

'माणसाने स्वतः ठरवलं तरच उपचार लागू पडतात, घरच्यांनी ओढून नेलेला परत पितोच,' हे दारू सोडण्याबद्दलचं म्हणणं मला अर्धंच पटलं. माझे काका नाशिकजवळ सातपूरला एका कारखान्यात टर्नर होते, रोज भरपूर प्यायचे. काकूचं रडणं, आजीच्या शपथा, सगळं वाया. एका सकाळी व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) धरताना हात इतका थरथरला की माप लागेना. पोरसवदा अप्रेंटिसने तो हातातून घेतला आणि हळूच आकडा सांगितला. त्या रात्री काका म्हणाले, "कुठे न्यायचं ते ने." सोडायची इच्छा वगैरे काही नव्हती हं, लाज वाटली होती. मन तयार झालं ते व्यसनमुक्ती केंद्रात दोन-तीन आठवडे काढल्यावर.

आणि "श्रावणात सोडतात तशी सोडायची" म्हणणाऱ्यांसाठी: काकांनी आधी तेच केलं होतं. दुसऱ्या रात्री फिट आली, तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या 2-3 दिवसांत हे होऊ शकतं, जिवावरही बेततं. म्हणून डॉक्टर ते दिवस औषधांवर काढतात, सोबत बी-1 जीवनसत्त्व देतात. काका पुढे केंद्रात जायला तयार झाले त्यात या मुंग्यांच्या धास्तीचाही वाटा होताच.