ॲट्रॉफी म्हणजे स्नायूंचा ‘क्षय’ की ‘रोडावणे’?

प्रश्न : व्यायामाने आणि आजाराने स्नायूंत रेणूंच्या पातळीवर काय बदलतं, यावर मराठीत लिहिते आहे. ॲट्रॉफी, डिस्ट्रॉफी, सार्कोपेनिया या तिन्हींसाठी ‘स्नायुक्षय’ एवढाच शब्द हाती लागतो. चालेल?

उत्तर : माझ्या मते नाही, कारण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

ॲट्रॉफीत स्नायूचे तंतू मुख्यतः बारीक होतात, मरत नाहीत. पाय प्लास्टरमध्ये असला किंवा माणूस अंथरुणाला खिळला, की प्रथिनं बनणं मंदावतं आणि मोडणं वाढतं. मोडायच्या प्रथिनांवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लागते, मग प्रोटिआसोम हे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र त्यांचे तुकडे करतं. ही खूण लावणारी ॲट्रोजिन-१ आणि म्युर्फ-१ ही विकरं २००१ साली उजेडात आली. म्हणजे स्नायू स्वतःच आपला पसारा आवरता घेतो, आणि हालचाल सुरू झाली की बऱ्याच अंशी भरून येतो. म्हणून मी ‘रोडावणे’ वापरेन. रोडावलेलं माणूस पुन्हा बाळसं धरू शकतं. ‘क्षय’ म्हटलं की वाचकाला आधी टीबी आठवतो.

डिस्ट्रॉफी, म्हणजे जनुकातल्या दोषामुळे होणारा स्नायूंचा आजार, हा शब्द मात्र तसाच ठेवा. ‘दुष्पोषण’ असं शब्दशः केलंत तर आईवडिलांना वाटेल, खाण्यात काही कमी पडलं. ड्युशेन या मुख्यतः मुलग्यांत दिसणाऱ्या प्रकारात डिस्ट्रोफिन हे प्रथिन जवळजवळ नसतंच (त्याचं जनुक १९८७ च्या सुमारास सापडलं). त्यामुळे आकुंचनाच्या ताणाने तंतूचं आवरण फाटतं, तंतू मरतात, जागी चरबी आणि तंतुमय ऊती येते. मुलाच्या पोटऱ्या उलट जाड दिसतात. तिथे ‘क्षय’ कसा म्हणणार?

सार्कोपेनिया हा शब्द अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये सुचवला. त्याला ‘वार्धक्यातील स्नायूघट’ पुरेसं आहे.

आणखी एक मत : ‘रोडावणे’ पटलं. हिंदीतून ‘मांसपेशी’ मात्र आणू नका. सुश्रुतसंहितेत ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजले आहेत. तिथे पेशी म्हणजे आजचा स्नायू आणि स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे बंध. आजच्या मराठीत पेशी म्हणजे शरीराचा सूक्ष्म घटक. तंतूला चिकटून असलेल्या, दुरुस्ती करणाऱ्या सॅटेलाइट पेशींबद्दल लिहाल तेव्हा मोठा घोळ होईल.

प्रश्न : आणि हायपरट्रॉफी, म्हणजे स्नायू जाड होणं? ‘अतिवृद्धी’?

उत्तर : हृदयाच्या आजारात ठीक. वजनं उचलून तंतू जाड होतात, त्यात ‘अति’ काही नाही. आपण ‘दंड भरले’ म्हणतोच, तेव्हा ‘स्नायू भरणे’ लिहा. लांब पल्ल्याच्या धावण्याला मात्र ते लावू नका. तिथे जाडी फारशी वाढत नाही, तंतूंतली मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जा पुरवणारी सूक्ष्म अंगकं, वाढतात. जॉन होलोझी यांनी १९६७ मध्ये उंदरांना पळवून हे दाखवलं. अशा स्नायूला ‘काटक’ म्हणा.