शब्दचर्चा : 'आठवतं का' आणि 'दिसतं का' (बोलणाऱ्यांची ओळख त्यांच्या बडोद्यातल्या वस्तीच्या नावाने)

सयाजीगंज : मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मार्क्स यांची १९७३ची मनःप्रतिमांच्या स्पष्टतेची प्रश्नावली, म्हणजे मनात आणलेलं चित्र किती स्पष्ट दिसतं ते मोजणारी, मराठीत आणायची आहे. उत्तरं देणारे सगळे बडोद्यातले, साठीपुढचे, घरात मराठी आणि बाहेर गुजराती बोलणारे. प्रसंग चार : ओळखीच्या माणसाचा चेहरा, उगवता सूर्य, नेहमीच्या दुकानाचा दर्शनी भाग, आणि झाडं-डोंगर-तळं असलेला देखावा. प्रत्येकावर चार प्रश्न, म्हणजे एकूण सोळा. 'मनःप्रतिमा', 'मनश्चित्र', 'कल्पनाचित्र' यांतला कोणता शब्द बरा? शिवाय उत्तराच्या, १ ते ५ गुणांच्या, पाच श्रेणींना काय म्हणावं?

दांडियाबाजार : शीर्षकात 'मनःप्रतिमा' चालेल, प्रश्नांत तिन्ही नकोत. 'प्रतिमा' म्हटलं की देवाची मूर्ती, नाहीतर पेपरातली पक्षाची मलिन झालेली प्रतिमा. 'कल्पनाचित्र' वाचून माणूस नसलेलं काहीतरी रचायला बसतो. मराठीत या गोष्टीला सरळ क्रियापद आहे : डोळ्यांसमोर येणं. तेच वापरा.

खरी गोम मात्र नामात नाही, प्रश्नाच्या शेवटच्या शब्दात आहे. 'बहिणीचा चेहरा आठवतो का?' असं विचारलंत तर जो तो म्हणेल, आठवतो की! नाक सरळ, डाव्या गालावर तीळ, चष्मा सोनेरी काडीचा. ही झाली माहिती. ती सांगायला डोळ्यांसमोर काही यावंच लागतं असं नाही. ज्यांना मनात चित्र मुळीच दिसत नाही, तेही हे बिनचूक सांगतात. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८०मध्ये लोकांना न्याहारीचं टेबल डोळ्यांसमोर आणायला सांगितलं, तेव्हाच असे लोक सापडले होते. मेंदूविकारतज्ज्ञ अॅडम झीमन आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये या स्थितीला 'अफँटेशिया' नाव दिलं. बऱ्याच अभ्यासांत या प्रश्नावलीत ८०पैकी १६ ते ३२ गुण आले की ती धरतात; जास्त गुण म्हणजे जास्त स्पष्ट चित्र. तुमच्या मराठी प्रश्नात 'आठवतो' असेल तर यांतले कित्येकजण पन्नासच्या पुढे जाऊन बसतील आणि तुम्हाला कळणारही नाही. म्हणून 'चेहरा डोळ्यांसमोर आणा. आता जे दिसतंय ते किती स्पष्ट आहे?' असंच विचारा.

मांडवी : सहमत. आणखी एक घोळ : बडोद्यात 'याद आहे', 'याद येत नाही' हे मराठी बोलतानाही सहज तोंडात येतं. तोंडी विचारणारा प्रश्नकर्ता नकळत 'याद येतं का?' म्हणून जाईल. वाक्यं छापील द्या आणि जशीच्या तशी वाचायला सांगा.

श्रेणींसाठी हे सुचवतो. ५ : प्रत्यक्ष बघावं इतकं स्वच्छ. ४ : स्पष्ट. ३ : बऱ्यापैकी स्पष्ट. २ : पुसट, अंधुक. १ : दिसत काही नाही, त्या गोष्टीचा विचार करतोय एवढंच ठाऊक. शेवटची ओळ कितीही लांबली तरी तोडू नका. नुसतं 'काही नाही' लिहिलंत तर लोकांना वाटतं आपण नापास झालो, आणि ते २ वर खूण करतात.

सयाजीगंज : 'तरळणं' कसं वाटतं, दोनसाठी? 'डोळ्यांसमोर तरळतं' हे कानाला गोड आहे.

मांडवी : गोड आहे, पण चुकीचं मोजेल. तरळणं म्हणजे येऊन जाणं, त्यात टिकण्याचा काळ आहे. एखादा चेहरा क्षणभर तरळतो आणि तेवढ्यात लख्ख दिसतो. 'नजरेसमोरून हलत नाही' हेही स्पष्टतेबद्दल नाही, ते नको असताना येत राहण्याबद्दल आहे. अपघात पाहिलेल्या माणसाचं ते वाक्य.

रावपुरा : चित्रकलेच्या बाजूने एक भर. ग्रेड परीक्षेतला 'स्मरणचित्र' हा शब्द इथे कुणी घुसवू नये. ते कागदावरचं चित्र. मनातलं चित्र पुसट असणारेही सरावाने ते उत्तम काढतात. पॅरिसचे एकोणिसाव्या शतकातले चित्रकलाशिक्षक लकॉक द ब्वाबोद्राँ शिकाऊ मुलांना आधी नुसती सरळ रेघ पाठ करायला लावत, मग कोन, मग वक्र, मग वस्तू. पाहून पाठ फिरवायची, काढायचं, मूळाशी ताडून दुरुस्त करायचं. चूक बहुधा प्रमाणात निघते, तपशिलात कमी.

सयाजीगंज : सोबत विसरण्यावर दोन प्रश्न जोडायचे आहेत. 'विसरलात का?' पुरेल?

दांडियाबाजार : पुरणार नाही. तीन वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्या जातील. शंभराची नवी नोट घ्या. मागे राणीची वाव (पाटणची पायऱ्यांची विहीर) आहे हे गुजरातेत पुष्कळजण सांगतील. पण मागच्याच भाषापट्टीत मराठी ओळ वरून कितवी? आठवी, पंधरांपैकी. हजारदा हाताळलेली नोट, तरी सांगता येत नाही, आणि हे विसरणं नव्हे : ते लक्षात घेतलेलंच नव्हतं. दुसरं, 'ओठांवर आहे पण येत नाही' : साठवण शाबूत, वाट अडलेली, पहिलं अक्षर दिलं की बहुतेकदा सुटतं. तिसरं, समोर ठेवलं तरी ओळख पटत नाही. खरं 'विसरलो' म्हणायचं ते इथे.

ओळखणं आठवण्यापेक्षा किती सोपं ते मानसशास्त्रज्ञ लायोनेल स्टँडिंग यांनी १९७३मध्ये दाखवलं. दहा हजार चित्रं दाखवली, मग जोडीतलं आधी पाहिलेलं कोणतं ते विचारलं. सुमारे ८३ टक्के उत्तरं बरोबर आली. तीच चित्रं आठवून सांगा म्हटलं असतं तर माणूस फारच लवकर अडला असता. आपल्या तर्कशास्त्रात 'स्मृती' (आठवणं) आणि 'प्रत्यभिज्ञा' (ओळख पटणं) हा भेद जुनाच आहे. प्रश्नावलीत मात्र 'आठवून सांगा' आणि 'यातलं ओळखा' एवढं साधं ठेवा.

आणि जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांचा विसरण्याचा आलेख जोडणार असाल तर खाली नीट लिहा. १८८५चे त्यांचे आकडे, वीस मिनिटांनी ५८ टक्के, एका दिवसाने ३४, हे 'किती आठवलं' याचे नाहीत. पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचला त्याचे आहेत, तेही निरर्थक अक्षरांवर. 'एका दिवसात माणूस ६६ टक्के विसरतो' हा व्हॉट्सअॅपी निष्कर्ष त्यातून निघत नाही.

मांडवी : चौथ्या प्रसंगात 'कुठलाही एक डोंगर' असं लिहा. नुसतं 'डोंगर' म्हटलंत तर बडोद्यात पावागडच येणार. मग कुणी पाहिलेला पावागड आठवतोय, कुणी नवा डोंगर रचतोय, आणि त्या दोघांचे गुण तुम्ही एकाच रकान्यात मांडाल.